पेव, बळद आणि गोठा

मराठी वर्तमानपत्र उघडावे आणि त्यात कोठे ना कोठे कशाचे तरी ‘पेव फुटल्याचे’ वाचावयास मिळावे, असा सांप्रतचा क्रम आहे. शिकवणीच्या वर्गांचे पेव फुटते, पुरस्कारांचे फुटते, पक्षांतरांचेही फुटते. लिहिणारा ते सहज लिहितो आणि वाचणारा सहज वाचतो. परंतु पेव म्हणजे काय, ते कोठे असे, त्यात काय ठेवीत, हा प्रश्न आम्ही गेली कित्येक वर्षे आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस विचारीत आलो आहो. आणि खेड्यांतून आलेल्या मुलांपैकीही फार थोड्यांना त्याचे उत्तर देता येते. जमिनीच्या पोटात खणलेल्या धान्याच्या कोठाराला पेव म्हणत. भरलेल्या पेवाचे तोंड मोकळे झाले म्हणजे जी समृद्धी एकाएकी दृष्टीस पडे, तीवरून हा वाक्प्रचार रूढ झाला असावा. आज वस्तू गेली आणि शब्द राहिला. नाणे हरवून त्याचा नुसता आवाज कानांत राहावा, तशातलाच हा प्रकार होय.

हा केवळ एका शब्दाचा प्रश्न असता, तर तो कोशकारांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु त्या शब्दामागे एक वास्तू आहे आणि त्या वास्तूमागे शेतकऱ्याचा सबंध संसार उभा आहे. आमच्या देशाचा इतिहास आजवर ज्या इमारतींच्या आधारे सांगितला गेला, त्या बहुतेक दगडाच्या, उंच आणि कोणा ना कोणा नामवंताशी निगडित अशा आहेत. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, याचा आनंद कोणत्या मराठी मनुष्यास झाला नसेल? त्या बारांत पन्हाळा आहे, आणि पन्हाळ्यावर गंगा, यमुना व सरस्वती या नावांच्या तीन प्रचंड धान्यकोठ्या आहेत. प्रवासी त्यांच्या कमानीखाली उभे राहून आश्चर्य करतात, व ते योग्यच आहे. पण त्या कोठ्यांत जे धान्य येऊन पडले, ते ज्या खळ्यावर मळले गेले, ज्या पेवांतून काढले गेले आणि ज्या गोठ्यांतील बैलांनी गडाच्या पायथ्यापर्यंत वाहून आणले, त्या खळ्यांची, पेवांची आणि गोठ्यांची नोंद कोणत्या यादीत आहे? राजाचे कोठार इतिहासात आले. रयतेचे कोठार मातीत गेले. या दुसऱ्या कोठाराविषयी चार शब्द लिहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही ज्या प्रदेशाविषयी लिहीत आहो, तो भीमा आणि मांजरा या नद्यांच्या मधला, म्हणजे आजच्या सोलापूर, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांचा होय. या प्रदेशाची कीर्ती नळदुर्ग, परांडा, औसा येथील किल्ल्यांमुळे आणि खरोशाच्या लेण्यांमुळे आहे; पण त्याचे जीवन ज्वारीवर चालत आले. येथील जुने लोक गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची भूमी, आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदपत्रांत तर पांढरी या शब्दाने केवळ जागेचा नव्हे, तर तीवर राहणाऱ्या सबंध गावकऱ्यांचा बोध होतो. ही पांढरी माती चिकट, आणि नीट चोपली म्हणजे पाणी आत न मुरू देणारी. तीच भिंतीच्या दगडांत भरावयाची, तीच सारवणास घ्यावयाची, आणि तीच छपरावर घालावयाची. तेव्हा गाव पांढरीवर वसे, इतकेच नव्हे, तर पांढरीतूनच उभे राही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

घराचे मोजमाप खणांवर असे. लाकडी खांबांच्या दोन जोड्यांमधील अंतर तो एक खण. अमक्याचे घर तीन खणांचे, तमक्याचे सात खणांचे, असे बोलण्याची रीत होती. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवद. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी त्यावर नव्या मातीचे चार घमेले पडत. भिंती दोन-अडीच हात रुंद. खिडक्या अशा बहुधा नाहीतच. उजेड आणि धुराला वाट मिळावी म्हणून माळवदात एक भोक ठेवलेले असे, त्यास सवणे म्हणत. वैशाखातील दुपारी बाहेर अंगाची लाही होत असता अशा घरात पाऊल टाकताच जो गारवा वाटे, त्याची आठवण आमच्या पिढीतील पुष्कळांस असेल. आमच्या आजोळच्या घरी सवण्यातून पडणारा उन्हाचा कवडसा कोणत्या खांबावर आला म्हणजे शेतावर भाकरी पाठवावयाची, हे आजीला ठाऊक असे. घड्याळाचे तिला कधी अडले नाही.

आता या घराचे कोठार पाहू. रुंद भिंतीच्या पोटात किंवा दोन भिंतींच्या मध्ये जी पोकळी मुद्दाम राखीत, ते बळद. वर माळवदावरून धान्य ओतावयाचे आणि खाली, हाताच्या उंचीवर ठेवलेल्या लहानशा तोंडातून लागेल तेवढे काढून घ्यावयाचे. तोंडाला लाकडाचा किंवा चिंध्यांचा बोळा. घरात आलेल्या परक्यास भिंतच दिसे. तिच्या आत वर्षाची ज्वारी उभी आहे, हे घरच्यांसच ठाऊक. ज्यास बळद नाही त्याची कणगी : तुराट्यांची किंवा बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीने सारवलेली, आणि खालून ओल व उंदीर लागू नयेत म्हणून उंच ओट्यावर ठेवलेली. आणि ज्यास कणगीही नाही, त्याच्या घरी मडक्यांची उतरंड. बळद, कणगी आणि उतरंड या तीन शब्दांत गावातील तीन थरांची सांपत्तिक स्थिती जशी कळते, तशी ती कोणत्याही जमाबंदीच्या कागदावरून चटकन कळावयाची नाही.

पेव हे या सर्वांहून मोठे. जेथे जमीन उंच, कोरडी आणि कठीण मुरमाची असेल, अशी जागा पाहून ते खणीत. तोंड मनुष्य कसाबसा उतरेल इतके अरुंद, आणि आत पोट मोठ्या रांजणासारखे फुगलेले. तळाला व कडेला कडब्याचा किंवा भुसाचा थर देऊन, उन्हात खडखडीत वाळलेली ज्वारी आत भरीत. तोंडावर फरशी ठेवून ती मातीने लिंपीत. आणि वर माती अशी सारखी करीत की, त्यावरून बैलगाडी गेली तरी खाली काय आहे याचा परक्यास पत्ता लागू नये. पेंढाऱ्यांच्या आणि लुटारू फौजांच्या धामधुमीत याचा उपयोग काय होता, ते सांगावयास नकोच. पण पेवाचे खरे सामर्थ्य निराळे होते. बंद पेवातील धान्य श्वासोच्छ्वास करीतच असते; त्यायोगे आतील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू वाढतो, आणि किडे गुदमरून मरतात. कडेची थोडी ज्वारी काळवंडे, तिला एक विशिष्ट वासही येई, पण मधली वर्षानुवर्षे टिके. हवाबंद पिशव्यांत धान्य साठविण्याचा उपदेश आजचे कृषिशास्त्रज्ञ करतात, तो याच तत्त्वावर. आमच्या शेतकऱ्यांस कर्बवायूचे नाव ठाऊक नव्हते; त्याचा धर्म मात्र ठाऊक होता. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी एकदम आत उतरत नसे. तोंड काही वेळ मोकळे ठेवून, मग दोरीने दिवा खाली सोडून पाहत. दिवा विझला तर थांबावयाचे. तरीही या कामी माणसे दगावत. आणि ज्यास आत उतरावे लागे तो बहुधा पेवाचा मालक नसे, हे येथे सांगितले पाहिजे.

राहता राहिला गोठा. हा शब्द संस्कृत ‘गोष्ठ’ यापासून आला. गाई जेथे एकत्र उभ्या राहतात ती जागा गोष्ठ. पुढे माणसे एकत्र बसून बोलू लागली ती गोष्ठी. आणि तिजवरून आपली मराठी ‘गोष्ट’. म्हणजे गोठा आणि गोष्ट ही एकाच घरची भावंडे होत. ‘वाडा’ या शब्दाचीही तीच कथा. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. कोकणात आजही गुरांचा वाडा असतो. देशावर मात्र तो शब्द देशमुख-पाटलांच्या चौसोपी घरापर्यंत चढला. या प्रदेशातील लहान शेतकऱ्याच्या घरी गोठा वेगळा नसेच. दारातून आत येताच सखल भागात बैलांची दावण, आणि तेथून दोन हात उंच ओट्यावर माणसांचा संसार. रात्री बैलांच्या रवंथाचा आवाज ऐकत घरधनी निजे. तो आवाज थांबला तर त्याला जाग येई. शहरातून आलेल्या सुशिक्षितास यात अस्वच्छता दिसली, आणि ती काही अंशी खरीही होती. पण ज्याचे सर्व भांडवल त्या चार पायांवर उभे आहे, त्याने ते उशापाशी बांधावे, यात नवल ते काय?

ही व्यवस्था किती जुनी आहे, याचा पुरावा भीमेच्याच खोऱ्यात सापडला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. तीत मातीच्या झोपड्या निघाल्या, चुली निघाल्या. आणि त्यांबरोबर चुन्याचा लेप दिलेले धान्याचे खड्डे आणि कणगी ठेवण्याचे वर्तुळाकार ओटेही निघाले. गावच्या प्रमुखाचे म्हणून ओळखले गेलेले जे पाच दालनांचे घर, त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते ओटे कशाचे, हे संशोधकांस उमगले, ते आजच्या खेड्यातील कणग्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या म्हणून. आजची कणगी नसती, तर कालचा ओटा मुकाच राहिला असता. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते, आणि तिजकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहो.

कोठार प्रमुखाच्या घराला लागून होते, यातही एक अर्थ आहे. धान्य ज्याच्या ताब्यात, गाव त्याच्या ताब्यात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कोणास माहीत नाही? दुष्काळात बादशाही कोठारे त्यांनी भुकेल्यांस मोकळी केली, आणि विठोबाने महाराचे रूप घेऊन त्या धान्याचे मोल दरबारी भरले, अशी परंपरा सांगते. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती गाइली आहे. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवा. उरते ते एवढेच, की ज्वारीच्या या मुलखाने ज्यास संत मानले, त्याचे संतत्व एका कोठाराच्या दारात सिद्ध झाले. आणि त्या कोठाराची किंमत चुकविण्यास देवाला ज्या मनुष्याचे रूप घ्यावेसे वाटले, त्याच्या स्वतःच्या घरी उतरंडीपलीकडे काही नसे. लोकमानसाने कोठाराचा न्याय कसा केला, हे यावरून दिसेल.

असे असूनही आमच्या लेखकांनी या वास्तूंकडे किती लक्ष दिले? पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने पुण्याजवळच्या लोणी या खेड्याची बारकाईने पाहणी केली, आणि ती १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आली. त्याच गावाची नंतरची स्थिती डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९६० साली ग्रंथरूपाने मांडली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ सालचा. त्याची सर दुसऱ्या ग्रंथास अजून आलेली नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडले, आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून खंडामागून खंड त्यांनी छापली. ती दप्तरे वाड्यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत, धान्याच्या शेजारी पडलेली होती. राजवाड्यांनी कागद वाचविले, हे आम्हांवर त्यांचे ऋण आहे. परंतु त्यांच्या मागून आलेल्या आम्ही लोकांनी कागदच उचलले, आणि ज्या भिंतीने तो कागद दोनशे वर्षे कोरडा ठेवला, तिची लांबीरुंदीही टिपून ठेवली नाही.

दरम्यान त्या वास्तू एकेक करून निरुपयोगी होत होत्या. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, आणि देशावरचे धान्य मुंबईच्या बाजारास जोडले गेले. भाव चांगला आला म्हणजे विकावे आणि लागेल तेव्हा विकत घ्यावे, ही नवी रीत आली. तीन वर्षांची बेगमी जमिनीत पुरून ठेवण्याचे कारण कमी होत गेले. आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात आगगाडी होती, बाजारही होता, पण गरिबाच्या हाती पैसा नव्हता. पेव हे गरिबाचे कधीच नव्हते, हे खरे. तथापि गावात पेव आहे तोवर धान्य गावात आहे, आणि गावातील धान्यापुढे हात पसरता येतो. बाजारापुढे तो पसरता येत नाही.

पुढचा घाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलोच्या भाकरी खाल्ल्याच्या आठवणी आमचे वडील सांगत. त्या वेळी आमच्या आजोळचे पेव अखेरचे उघडले गेले, आणि पुन्हा भरले गेले नाही. तोवर संकरित ज्वारी आली होती. तिचे उत्पन्न दुप्पट-तिप्पट; पण ती खरिपाची, पावसात सापडून काळी पडणारी, आणि साठवणीस जुन्या मालदांडीची बरोबरी न करणारी. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. जेथे पाणी पोहोचले तेथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. आणि ऊस काही पेवात ठेवावयाची वस्तू नव्हे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, दावण रिकामी झाली. यात कोणाचा अपराध नाही. उपयोग संपला की वास्तू संपते, हा नियमच आहे. किल्ल्याचा उपयोग संपला तरी त्याचा दगड उभा राहतो. पेवाचा उपयोग संपला की त्यात केरकचरा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात ते बुजते.

येथपर्यंत जे सांगितले, ते एखाद्या हळव्या मनाच्या मास्तराचे गतकाळासाठी काढलेले उसासे आहेत, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर किल्लारी हे होय.

१९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती पोहोचवून थकलेली माणसे गाढ झोपेत होती. पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असता भूकंप झाला, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे क्षणार्धात दगडमातीचे ढीग झाली. सुमारे आठ हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच होती. मारले ते घरांनी. ज्या रुंद भिंतींची थोरवी आम्ही वर गाइली, त्या वस्तुतः दोन पातळ भिंती, आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोहोंस आरपार बांधणारा दगड घातलेला नाही, आणि सांधा केवळ मातीचा. आणि वर माळवद. दरवर्षी चार घमेले माती घालण्याची ती जी सावध रीत, तिने पिढ्यान् पिढ्या छपराचे ओझे वाढविले होते. आजोबांनी पावसापासून संरक्षण म्हणून घातलेली माती नातवंडांच्या अंगावर आली. मात्र जेथे लाकडी खण मजबूत होते आणि छपराचा भार भिंतींऐवजी खांबांवर होता, तेथे भिंती बाहेर ढासळल्या तरी खांब उभे राहिले, आणि त्यांच्या खाली माणसे वाचली, असे तज्ज्ञांस आढळून आले. म्हणजे जुन्या सुताराचे शहाणपण आणि जुन्या गवंड्याची चूक ही दोन्ही एकाच घरात होती. कोणते कोणाचे, हे सांगावयास कोणी उरले नव्हते. आणि कोणी लिहूनही ठेवले नव्हते.

त्यानंतर जे झाले, त्यात आमच्या विषयाचा खरा मुद्दा आहे. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे काम फार मोठे होते, त्वरेने झाले, आणि भूकंपापुढे टिकतील अशी पक्की घरे हजारो कुटुंबांस मिळाली. त्याचे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे. घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : कोणास २५० चौरस फूट, कोणास ४००, आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५०. हिशेब सरळ होता. परंतु जमीन पाहून घर देताना, त्या जमिनीस लागणारी गुरे, अवजारे, कडबा आणि पिकलेले धान्य कोठे राहावयाचे, याचा विचार घराच्या मानाने फारच थोडा झाला. नकाशात निजण्याची खोली होती, स्वयंपाकाची होती. दावण नव्हती, बळद नव्हते. आम्ही त्या वेळी नुकतेच पदवीधर झालो होतो, आणि मित्रांसह त्या भागात काही दिवस मदतीस गेलो होतो. पुढे दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने आपले नवे घर आम्हांस मोठ्या आस्थेने दाखविले. आणि शेवटी, ज्वारी कोठे ओतावी आणि बैल कोठे बांधावे, एवढेच तेवढे आपणांस यात सापडत नाही, असे हसून सांगितले. आम्हीही हसलो. त्या हसण्याची लाज आम्हांस पुढे पुष्कळ वर्षांनी वाटली.

थोड्याच काळात नव्या गावांतून लोकांनी आपापल्या परीने उणीव भरून काढली. घरापुढे पत्र्याची पडवी आली, मागे दगडमातीचा आडोसा आला. जुन्या गावाच्या ढिगांतून उचललेली दारे, तुळया आणि दगड त्यासाठी कामी आले. ज्या बांधणीने माणसे मारली, तीच बांधणी नव्या घराच्या पाठीशी पुन्हा उभी राहू लागली. कारण नव्या बांधणीत गोठा कसा बांधावा, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. आणि कोण सांगणार होते? नकाशे काढणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी कोणता ग्रंथ उघडावयास हवा होता? या प्रदेशातील शेतकऱ्याच्या घराला किती खण लागतात, त्यातील किती गुरांचे आणि किती माणसांचे, धान्य किती व कोठे राहते, याचे मोजमाप केलेले एखादे पुस्तक आम्ही इतिहासाच्या अध्यापकांनी लिहून ठेवले होते काय? नव्हते. आम्ही चालुक्यांच्या मंदिरांचे खांब मोजले होते. गोठा हा इतिहासाचा विषय नव्हे, असे आम्ही मानले, म्हणून नकाशातही तो आला नाही. आमच्या उपेक्षेचा भुर्दंड अशा रीतीने दुसऱ्यांनी भरला.

तेव्हा जुनी माळवदे जशीच्या तशी राखावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या छपराखाली माणूस निर्भयपणे निजू शकत नाही, ते छप्पर कितीही सुंदर असो, त्याचा मोह धरू नये. पेवेही पुन्हा खणावी, असे आमचे म्हणणे नाही. सांगलीजवळ हरिपूर येथे हळदीची पेवे व्यापारामुळे दीर्घकाळ टिकली, पण २००५ च्या महापुराने त्यांचीही मोठी हानी केली. आमचे मागणे याहून फार लहान आहे. ज्या वास्तू जाणार आहेत त्या जाण्यापूर्वी मोजून ठेवाव्या. भिंतीची रुंदी, खणांची संख्या, बळदाचे तोंड जमिनीपासून किती उंच, दावणीत किती बैल, ही माहिती लिहून घ्यावी. आणि प्रत्येक भागाचे गावातील नाव, गावात उच्चारतात तसे, टिपावे. कोणी बांधले, कोण आत येई, आणि कोणास उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, हेही लिहावे. ते गाळले तर नोंद खोटी होईल. इनामगावचा ओटा ज्याप्रमाणे आजच्या कणगीने बोलका केला, त्याप्रमाणे उद्याच्या संशोधकास आणि उद्याच्या घरबांधणी करणारासही या नोंदी बोलून दाखवतील. यास मोठा खर्च नको, परवाना नको. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये आहेत, त्यांत खेड्यांतील मुले आहेत, आणि त्यांच्या घरी अजून आजी-आजोबा आहेत. यांतील शेवटचे साधन फार दिवस पुरणारे नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या काही विद्यार्थ्यांस घेऊन आजोळच्या गावी गेलो होतो. गल्लीवर आता सिमेंट पडले आहे. पेवाची एकही खूण प्रथम दिसेना. मग ऐंशीच्या घरातील एक बाई काठी टेकीत बाहेर आल्या, आणि गल्लीतून चालता चालता काठीने सिमेंटवर ठोकून जागा दाखवू लागल्या : हे पाटलांचे, हे वाण्याचे, हे दोघा भावांनी मिळून खणलेले, आणि यात उतरलेला माणूस वर आला नाही तो हा. त्या माणसाचे नाव त्यांस आठवत होते. त्याच्या घरी पेव नव्हते, हेही आठवत होते. एका पेवाच्या तोंडावरची फरशी आज एका घराच्या न्हाणीत कपडे धुण्यास ठेवली आहे; तिची मापे मुलांनी घेतली. संध्याकाळी त्यांनी गावाचा नकाशा काढला. त्यावर चौदा वर्तुळे आली, आणि एका वर्तुळाशेजारी त्या मृत मनुष्याचे नाव आले. तो कागद आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवला आहे. पुढील उन्हाळ्यात शेजारच्या गावी जाण्याचा आमचा विचार आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोळ अजून उभे असेल, त्यांनीही या सुट्टीत एक फूटपट्टी आणि एक वही घेऊन तेथे जावे, अशी त्यांस आमची विनंती आहे.